अडवलेला नमुना

उदगीरचं ते प्रकरण आठवलं, की आधी माझीच मला लाज वाटते आणि मग हसू येतं. मी तिथं पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक जुने अडत व्यापारी अर्ज घेऊन आले. सगळा मोंढा त्यांना आप्पा म्हणतो. त्यांच्या पेढीच्या नावानं गिऱ्हाइकांना व्हायरस असलेले ईमेल जात होते. कर्नाटक-तेलंगणातल्या डाळ गिरण्यांनी पेढीचे मेल घेणंच बंद केलं होतं. आप्पांचा संशय एकीवरच, पेढीचा लिनक्सचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंवर.

"पासवर्ड तिच्याकडंच हाय साहेब. दुसरं कोण करंल?"

बाई रेणापूरच्या, तिशीतल्या. मोंढ्यातल्या चार पेढ्यांचं काम एकट्या बघत. गुन्हा दाखल झाला असता तर चारही कामं त्याच दिवशी गेली असती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी जबाब घ्यायला बसलो. लिनक्स कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी नीट समजावलं. येणारा प्रत्येक मेल आधी स्पॅम फिल्टरमधून जातो, मग व्हायरसच्या तपासणीतून. संशयित मेल वेगळ्या कप्प्यात अडकवून ठेवतात. म्हटलं, म्हणजे आमची कोठडीच की! त्या हसल्या नाहीत. कारण सर्व्हरच्या नोंदीत साफ दिसत होतं, रोज दुपारी एक ते दोनच्या दरम्यान कोठडीतले मेल कुणीतरी सोडून दिले होते, आणि तेही बाईंच्याच नावानं लॉगिन करून. त्या वेळेला मी घरी जेवायला जाते, एवढंच त्या सांगत राहिल्या. साक्षीला कोण, तर अंथरुणाला खिळलेली सासू. मी मनातल्या मनात त्यांना आरोपी करून मोकळा झालो. तीस वर्षांची नोकरी आणि अक्कल एवढीच!

दुसऱ्या दिवशी मोंढ्यातला एक हमाल ठाण्याच्या फाटकाशी घुटमळताना दिसला. आत बोलावून चहा पाजला. हमालाला सगळं दिसत असतं, त्याला विचारत मात्र कोणी नाही. तो म्हणाला, बाई जेवायला गेल्या की मुनीमजी त्यांच्या खुर्चीत बसतात.

मुनीमजी सत्तरीचे, आप्पांच्या वडिलांच्या काळापासून पेढीवर. त्यांनी काहीच लपवलं नाही. पेढीची प्रत्येक चावी मुनिमाकडं, हा तिथला रिवाज. म्हणून आप्पांनीच कधीकाळी बाईंकडून पासवर्डची चिठ्ठी लिहून घेतली होती आणि मुनीमजींच्या हवाली केली होती. आप्पा विसरून गेले. बाईंना वाटत होतं, ती तिजोरीत पडून आहे.

"पण अडकवलेले मेल सोडलेत कशाला?" मी विचारलं.

"त्याच्यावर मालाचा नमुना म्हणून लिवलेलं होतं साहेब. नमुना उघडून बघितल्याबिगर भाव कसा सांगावा? चाळीस साल हेच करून राहिलो."

मुनीमजींनी फाईल उघडली की व्हायरस पेढीच्या संगणकात शिरायचा आणि तिथून पेढीच्याच सर्व्हरवरून गिऱ्हाइकांकडं निघायचा. हे मला बाईंनीच उलगडून सांगितलं, त्यांनाही मी ठाण्यात बोलावून घेतलं होतं. मग म्हणाल्या, "माझंबी चुकलं साहेब. येणाऱ्याला तपासत होते, घरातून जाणाऱ्याला न्हाई."

आप्पांनी अर्ज मागे घेतला आणि ठाण्यात सगळ्यांदेखत बाईंपुढं हात जोडले. बाईंनी संगणक पुसून कोरा केला, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, बाहेर जाणाऱ्या मेलचीही तपासणी बसवली. हळूहळू गिरण्या पेढीचे मेल पुन्हा घेऊ लागल्या. चारही पेढ्या बाईंकडंच राहिल्या. मुनीमजींना त्यांनी एकच नियम घालून दिला, नमुना उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करायचा.

निवृत्तीनंतर घरच्या तुरीचा फोटो मी पेढीला मेल केला आणि भाव विचारला. दहा मिनिटांत फोन वाजला.

"साहेब, मुनीम बोलतोय. ते तुमीच धाडलंय न्हवं?"

हाव, मीच, म्हटलं. फार बरं वाटलं. वर माझं नाव असूनही म्हाताऱ्यानं खात्री करून घेतली होती. त्या बाई तोंडानं सांगत होत्या, तेव्हा मी मात्र नोंदीतल्या नावावरच विसंबलो होतो.