आत्याच्या गाडीचं छत

माझ्या आत्याने आजवर एकही वस्तू टाकून दिलेली नाही, आणि ती असेपर्यंत मुळशी तालुक्यात दुसऱ्या कुणाला टाकू देईल असंही वाटत नाही. कासार आंबोलीच्या तिच्या घरात छत्रीला परकराचं ठिगळ आहे, कपाला तारेचा कान आहे, आणि बंद घड्याळाबद्दल विचारलं तर ती म्हणते, "दमलंय ते. बसू दे की जरा." वापरून फेकण्याच्या चटकेविरुद्ध मी सात जळजळीत पत्रकं लिहिली, त्यातल्या एकाच्या पुडीत तिने मेथीदाणे ठेवले.

तिच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवरचं छताचं कापड सुटून लोंबू लागलं, तेव्हा तिने नियम केला: मागे बसेल त्याने हाताने छत धरायचं. डोंगरावरच्या वाडीला एसटी जात नाही, म्हणून तिथल्या बायकांना दाखल्यांसाठी ती पौडच्या कचेरीत नेई. त्या हात वर करून बसल्या की मोर्चाच निघाल्यासारखा वाटे. मी खूश, आतेभाऊ नव्हता. "आई, रविवारी मी पौडपर्यंत येतो. छत पडलं, तर गाडी भंगारात." आत्याने मला हाताशी घेतलं. बायकांचे दाखले अजून निघायचे होते.

आम्ही छताचा पुठ्ठा काढून कुजलेला स्पंज खरवडला. दुकानातल्या गोंदाच्या वासाने तिचं डोकं उठे. "तू भिंतीला कागद डकवतोस, ते कशानं रं?" मी अभिमानाने मैद्याची खळ शिजवली. माझी पत्रकं पावसाळे काढतात, छत काय चीज! ते इतकं ताठ बसलं की आत्याने त्याची दृष्ट काढली.

रविवारी आतेभाऊ पुढे, मी मागे. वाटेत वाडीतल्या दोघी चढल्या आणि सवयीने हात वर.

"आता नको गं, चिकटलंय," आत्या म्हणाली.

"असू द्या आक्का, हात खाली ऱ्हातच न्हाईत."

पुढच्या वळणावर उन्हाने कडक झालेली खळ सुटली आणि कापड अलगद त्यांच्या तळव्यांवर उतरलं. मीही हात लावला. आत्याने आरशात पाहिलं, नजर पुन्हा रस्त्यावर नेली. पौड येईपर्यंत मागे कुणी खोकलंसुद्धा नाही.

"टिकलं. राहू दे गाडी," आतेभाऊ समोर बघतच म्हणाला. मग उतरला आणि पिशवीतून गोंदाचा डबा काढून खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला. "हा कमी वासाचा आहे. खळ पत्रकांना ठेव."

आता छत पक्कं आहे. आत्याला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून गाडी मी चालवतो; ती मागे बायकांत बसते. त्या वळणाशी आरशात पाहिलं की तिचा एक हात वर गेलेला असतो. मी गाडी हळू घेतो.