अक्काकडची तलवार

जगाला एकच सरकार असावं, हे मी गेली तीसेक वर्षं सांगत आलो आहे. म्हैसूरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो तेव्हा पोरांना सांगायचो. आता निवृत्त झाल्यावर चामराजपुरमात जो भेटेल त्याला सांगतो. म्हणणं साधं आहे. गावात दोघांचं भांडण झालं तर कोर्ट आहे, पोलीस आहे. दोन देशांचं झालं तर बळी तो कान पिळी. म्हणून सगळ्यांनी आपापली हत्यारं एका सामाईक सरकारच्या स्वाधीन करावीत आणि तंटा त्याच्यापुढे न्यावा. लोक जांभया देतात, पण मी थांबत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या महिनाभर आधी इथल्या मराठी मंडळींपुढे याच विषयावर माझं भाषण झालं. वीसेक माणसं होती, त्यातली निम्मी चहासाठी. एका वयस्कर गृहस्थांनी ‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ’ असा टोला मारला, तो मी झकास परतवला. मग मागच्या रांगेतून माझी पुतणी उठली. अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. कॉलेजात जाते. तिच्या मराठीत निम्मी कानडी असते.

"काका, ओंदु डौट, एकच शंका. सगळ्यांनी हत्यार खाली ठेवायचं, सरी. मग आपली तलवार माझ्या अप्पांना तुम्ही का देत नाही? सहा वर्षं झाली, अल्वा?"

मी वेळ संपल्याचं सांगून बसलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मीच पोरांना फळ्यावर लिहून द्यायचो.

ती तलवार आमच्या कुणा पूर्वजाची, जुन्या म्हैसूरच्या फौजेतल्या शिपायाची. लढाया संपल्या, घरात शिक्षक आणि कारकून निपजले, पण खंडेनवमीला पूजा तिचीच. ती एक वर्ष अण्णाकडे, एक वर्ष माझ्याकडे, अशी बाबांनी पाळी लावून दिली होती. बाबा अखेरच्या वर्षी अण्णाकडे अंथरुणाला खिळले होते आणि तेव्हा पाळीही त्याचीच होती. त्या नवमीला आम्ही त्याच्याकडे गेलो, तर भिंतीवर तलवार लखलखत होती. अण्णा तेव्हा म्हैसूरजवळ कडकोळच्या कारखान्यात नोकरीला. तिथल्या ओळखीच्या माणसाकडून त्याने तिच्यावर चक्क निकेल चढवून आणलं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो काळसर रंग गेला होता आणि तिथे स्टीलचं ताट चमकावं तसं काहीतरी टांगलेलं होतं.

माझं डोकंच फिरलं. बाबांच्या खाटेशी उभा राहून मी नको ते बोललो. पूर्वजांना मुलामा देतोस, तुला कशाची किंमत नाही, असं बरंच काही. अण्णा एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, चूक कळली आहे म्हणून गप्प आहे.

पुढच्या दसऱ्यापर्यंत बाबा गेले होते. तलवार माझ्याकडे आली ती मी परत केलीच नाही. तुझ्या हातात ती सुरक्षित नाही, असं त्याला कळवून टाकलं. त्यानेही उलट निरोप धाडला, थोरला मी आहे, एकदा माझ्याकडे आली की कायमची माझी. झालं. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, पण भाजी बाजारात समोर आलो तर एक जण कोथिंबिरीकडे बघायचा आणि दुसरा आकाशाकडे. मला त्याची आठवण यायची. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

भाषणानंतरच्या आठवड्यात मी कृष्णराजनगरला अक्काकडे गेलो. अक्का आम्हा दोघांहून मोठी. भावजी गेल्यापासून भाताची शेती तीच बघते. बांधावर उभा राहिलो तर तिच्या खाचरात पाणी उतरत चाललेलं आणि वरच्या शेजाऱ्याचं तुडुंब भरलेलं. मधे हातभर मातीचा अडसर. तिथेच पडलेलं फावडं मी उचललं.

"ठेव ते खाली," अक्का ओरडली. "पाण्याला नीरगंटी हात लावतो. दुसरं कोणी नाही."

नीरगंटी म्हणजे पाटाचं पाणी शेताशेतांत सोडणारा माणूस. तासाभराने तो आला. काटकुळा म्हातारा, खांद्यावर फावडं. त्या पाटावर त्याचं स्वतःचं एक वाफाही शेत नाही. त्याने चार फावडी माती ओढली आणि पाणी अक्काकडे वळलं. वरचा शेजारी लांबून बघत होता, तो आपल्या कामाला लागला.

"याला घाबरतात होय सगळे?" मी विचारलं.

"याला काय घाबरायचं? वारा आला तर पडेल. पण आज मी एक फावडं उचललं तर उद्या वरचा दहा उचलेल, मग कोणाचंच भात नाही. म्हणून फावडं याच्याकडे."

"आणि यानेच पक्षपात केला तर?"

"केलाय की एकदा. सगळे देवळापाशी बसले, सांगितलं, आयतु, झालं तुझं, पुढच्या हंगामाला दुसरा. मग सुधारला." पदराला हात पुसत ती म्हणाली, "तुला काय, सुम्ने, उगाच भाषणं करायची. तलवार आण इकडे. अण्णाला मी बघते."

पंधरा दिवसांनी तलवार चादरीत गुंडाळून मी बसमध्ये चढलो. कंडक्टरने काय आहे विचारलं. ‘पडद्याचा रॉड,’ मी म्हणालो. नागरिकशास्त्राचा मास्तर! अक्काच्या हाती ती देताना माझी बोटं मुठीवरून निघेनात. आता अण्णा आलाच नाही तर? अक्काने त्यालाच देऊन टाकली तर? शस्त्र खाली ठेवताना देशांना कसली भीती वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. तीस वर्षं मी ते फार सोपं करून सांगितलं होतं.

नवमीला अण्णा आला. त्या दिवशी स्कूटरचीही पूजा असते, ती हलवायची नाही, म्हणून तोही बसनेच आला होता. झेंडूच्या माळा, कुंकू लावून फोडलेला कोहळा, सगळं झालं. मग अक्काने तलवार मांडीवर घेतली आणि आम्हाला समोर बसवलं. माझी फिर्याद मला तोंडपाठ होती. ती तिने ऐकून घेतली. मग अण्णाकडे वळून तिने एकच विचारलं, "का रे निकेल चढवलंस?"

अण्णाने पायाशी पडलेलं झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं.

"बाबांना दिसेनासं झालं होतं. कबूल करायचे नाहीत. रोज विचारायचे, तलवार जागेवर आहे का? समोरच असायची, पण काळी, भिंतीत मिसळून जायची. चमकवून आणली आणि खिडकीसमोर लावली. उजेड पडला तसे म्हणाले, हां, आहे."

"मग त्या दिवशी हे सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"बाबा ऐकत होते ना."

"आणि नंतर?"

"नंतर तू विचारलंस कुठे?"

मला रडू आलं. सामाईक सरकार न्याय देईल म्हणून मी आजवर ते मागत आलो. पण न्यायाच्याही आधी दोघांना समोर बसवून ‘का रे?’ एवढं विचारणारं कोणीतरी लागतं. भांडणाऱ्यांच्या तोंडून ते निघत नाही, माझ्याही तोंडून निघालं नव्हतं.

तलवार अक्काकडेच राहिली. दर नवमीला आम्ही दोघांनी तिथे यायचं, असं ठरलं. परतताना माळा बांधलेल्या बसमध्ये एकाच बाकावर बसलो. दोघांचेही हात रिकामे. म्हैसूर जवळ आल्यावर अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दिसायची रे बाबांना. शेवटपर्यंत दिसायची."