पहारा बदलताना

आमच्या गावचा हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून काढायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. राहुरी तालुक्यातल्या आमच्या या गावात पहाऱ्यांची, म्हणजे कुणी कधी वीणा घेऊन उभं राहायचं त्याची, यादी बरीच वर्षं मीच करतो. त्यामुळे माझा थोडा दरारा होता आणि खोटं कशाला बोलू, तो मला आवडायचा. गेल्या वर्षी ऊसतोडीच्या टोळीतली सुभद्राबाई येऊन म्हणाली, "दादा, आमालाबी एखादा पहारा द्या की." यादी भरली, असं मी सांगून टाकलं. त्या यादीत माझंच नाव दोनदा होतं.

चौथ्या दिवशी दुपारी माझा पहारा होता. सगळे मंडपामागे पंगतीला बसलेले, वीणा घेऊन मी एकटाच उभा. छातीत कळ आली असं म्हणता येणार नाही, कुणी आतून दाबून धरल्यासारखं वाटत होतं. डावा हात भरून आला, तो वीणेच्या वजनानं असं मी समजलो. जबडा ठणकू लागला, तो भजनं म्हणून म्हणून. ऐन थंडीत सदरा घामानं भिजला, त्याला मात्र कारण सापडेना. वेळ भरली तरी पुढचा माणूस येईना. शेतातली लाईट आली म्हणून तो मोटर चालू करायला गेला होता. वीणा खाली ठेवावी तर सप्ताह माझ्या हातून मोडणार. देवा, तुझीच सेवा करताना हे काय लावलंस, असा रागही आला. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

तेवढ्यात प्रसादाला आलेली सुभद्राबाई मंडपात डोकावली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "द्या हिकडं." हिचं यादीत नाव नाही, हे अशा वेळीही माझ्या मनात आलंच. पण तिनंच वीणा काढून आपल्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणे वाकून माझ्या पायांना हात लावला. तिथंच ती थबकली.

"दादा, पाय लई गार पडल्यात तुमचं. बसा खाली." आणि वीणा वाजवतच तिनं पंगतीकडे हाका मारल्या.

नगरला डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या एका भागाचं रक्त अडलं होतं. तो भाग गप्प पडला होता, पण मेला नव्हता. आणखी उशीर झाला असता तर मेला असता. काही आठवड्यांनी तो पुन्हा हलू लागलेला त्यांनी मला पडद्यावर दाखवला, आणि मी तिथंच रडलो. दवाखान्यात पहिल्या दिवशी मात्र मी बायकोला फक्त वीणेचं विचारलं होतं. ती म्हणाली, "सुभद्राबाईच्या गळ्यात हुती. दिस मावळस्तोवर सोडली न्हाई तिनं."

सप्ताह मी सांभाळतो, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या दुपारी मला उभं राहणंसुद्धा जमलं नाही, आणि सप्ताह चालू राहिला. ज्यानं तो चालवला त्यानंच मलाही वाचवलं, एवढंच मी समजतो. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

यंदा टोळी परत आली. मी स्वतः तिच्या पाचटाच्या कोपीवर जाऊन सुभद्राबाईला पहारा दिला, माझ्या लगेच नंतरचा. वीणा तिच्या गळ्यात घातली तेव्हा ती म्हणाली, "दादा, तुमी नका वाकू. तब्येतीला जपा."

पण त्या दिवशी फक्त तीच वाकली होती. माझं वाकणं राहिलं होतं. तिच्या भेगाळलेल्या पायांवर मी डोकं टेकवलं. वर वीणा वाजत होती.