थोरल्या बाईंची हिरवी चिंधी

थोरल्या बाई कुठल्याही वस्तूला खूण केल्याशिवाय तिच्यापासून चार पावलंही लांब जात नसत. खूण म्हणजे जुन्या हिरव्या लुगड्याची बोटभर चिंधी. झेंडूच्या टोपलीला चिंधी, एसटीच्या टपावरच्या गाठोड्याला चिंधी, त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेलो की बाहेर काढलेल्या चपलांनाही चिंधी. लोक हसत. बाई म्हणत, "हसा. माझी चप्पल मला घावती ना?"

त्या माझ्या मोठ्या जाऊ. आमचा फुलांचा मळा मखमलाबादकडे. नव्वदच्या सुमारास मी लग्न होऊन आले आणि त्यांच्याबरोबर नाशिकच्या फुलबाजारात जायला लागले. पहिल्याच दिवशी पाणी प्यायला म्हणून उठले आणि वाट चुकले. सगळ्या टोपल्या सारख्याच, बायका अनोळखी. कुणाला विचारायचं तर तोंडातून शब्द फुटेना. भलतीच्याच टोपलीपाशी रडत उभी राहिले. बाई शोधत आल्या. रागावल्या नाहीत. "बाजार एवढूसा, धाकटे. हरवून हरवशील किती?" एवढंच म्हणाल्या.

त्यांचा सागर पुढे अमेरिकेत नोकरीला लागला. एका वर्षी त्यानं आईला बोलावलं आणि मोठ्या बोटीनं कॅरिबियन बेटं दाखवायचं ठरवलं. बाई अडून बसल्या, "धाकटी आली तर मी येते." मला मूलबाळ नाही, सागरला आम्ही दोघींनीच वाढवलं. त्यानं माझंही तिकीट काढलं.

बोट कसली, दहा मजली इमारतच. आत लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. बाईंनी आमच्या दाराच्या मुठीला चिंधी बांधली. खोली झाडणाऱ्या पोऱ्यानं ती सोडून, घडी करून उशीवर ठेवली. बाईंनी पुन्हा बांधली. त्यानं पुन्हा सोडली. तिसऱ्या दिवशी खोली झाडून झाल्यावर त्यानं स्वतःच ती मुठीला बांधली. बाई म्हणाल्या, "शाणा हाय. आईनं वळण लावलंय."

मग एक बेट आलं. सुनेला बोट लागली होती, म्हणून सागर तिच्यापाशी थांबला. म्हणाला, "काकू, सगळ्यांबरोबरच राहा. बाजारातून परतीची गाडी तीनला निघेल. चारला बोट सुटते, ती कुणासाठी थांबत नाही." धक्क्यावर पांढऱ्या गाड्यांची रांग होती. बाईंनी आमच्या गाडीच्या आरशाला चिंधी बांधली. टक्कल पडलेला ड्रायव्हर मोठ्यानं हसला.

गाडीनं आम्हाला तिथल्या बाजारात उतरवलं. तिथं एक बाई फुलांच्या जुड्या बांधत बसली होती. थोरल्या बाईंनी पाहिलं आणि फतकल मारून तिच्यापुढे बसल्या. "असं नाय गं, दोरा असा फिरव." एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता, पण दोघींची बोटं चालली होती. "बाई, उठा," मी चारदा म्हटलं. "पाच मिनटं गं!" मी घड्याळ बघत राहिले. मान वर केली तर आमची माणसं दिसेनात. धावत गाड्यांपाशी आलो. चिंधीची गाडी जागेवर नव्हती. घड्याळात तीनला पाच कमी.

बाई पायरीवर बसल्या. "माझे गुडघे गेले. तू विचार."

"मला बोलता येत नाही, बाई."

"मला तरी कुठं येतंय? जा, पण माझ्या नजरेआड जाऊ नको." त्यांनी कनवटीतून दुसरी चिंधी काढून माझ्या हातात दिली.

मी हात वर करून चिंधी फडकवत प्रत्येक गाडीपाशी गेले. "असली चिंधी! असली चिंधीवाली गाडी!" एवढ्या मोठ्यानं मी जन्मात ओरडले नव्हते. पाचवा की सहावा ड्रायव्हर चिंधीकडे बघून हसला आणि त्यानं लांबच्या झाडाकडे बोट दाखवलं. आमच्या ड्रायव्हरनं गाडी सावलीला लावली होती. माणसं आत बसली होती. आरशाला चिंधी हलत होती. मी मागे वळले. बाई केव्हाच उठून माझ्या मागोमाग चालत येत होत्या.

घरी आल्यावर त्या सगळ्यांना सांगायच्या, "धाकटीनं आख्खं बेट हलवून सोडलं!" स्वतः फुलांपाशी बसून राहिल्या होत्या, ते मात्र सांगत नसत.

चार वर्षांनी त्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होत्या. वॉर्डात सगळ्या खाटा सारख्या, म्हणून मी त्यांच्या खाटेला चिंधी बांधत होते. त्या हसल्या. "येडे, मला कशाला खूण लागती? तू यायच्या आधी पंधरा वर्सं बाजारात बसत होते, माझी टोपली मला डोळे मिटून घावायची. तू हरवलीस त्या दिवसापासून बांधायला लागले."

गाठ मारायची राहिली होती, ती मारली.

आता बाजारात मी एकटीच जाते. टोपलीला चिंधी बांधते, पाणी प्यायला जाते, आणि अर्ध्या वाटेवरून वळून बघते. चिंधी दिसते. तरी पुन्हा एकदा बघते.