मंगलचा अंगठा

१२ नोव्हेंबरला पुस्तकांचं कपाट पुसायला काढलं, तेव्हा एक कादंबरी हाताशी आली. तिच्यातल्या शहरात यंत्र ओळखेल तोच माणूस. वाचताना वाटलं होतं, लेखक फार ताणतोय.

तेवढ्यात खिडकीतून खाली सोसायटीच्या फाटकावर मंगल दिसली. अकरा वर्षं ती आमची भांडी घासते. नव्या यंत्रावर ती अंगठा पदराला पुसून पुन्हा पुन्हा टेकवत होती.

"काका, कालच माझ्या हातचा चहा प्यालात ना?" ती वॉचमनला म्हणाली.

"मी ओळखतो गं. हे ओळखत नाही! अंगठ्यावर रेषाच नाहीत तुझ्या. आता सोमवारी ऑफिसात विचार."

"तोवर माझी चारही घरं सुटतील."

ती परत फिरली.

यंत्र बसवायच्या सभेत मीही हात वर केला होता. आणि त्या रेषा माझ्याच कढया घासून गेल्यात. कादंबरीतलं शहर एका हुकूमशहाने उभारलं होतं. आमचं आम्ही चहा-बिस्किटं खात उभारलं.

मंगलला फोन करून उद्या ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाटकावर गेले, वॉचमनकडून जुनं रजिस्टर मागून घेतलं, तिचं नाव लिहिलं आणि पुढे 'हिला मी ओळखते' असं लिहून सही केली.