घरमालकाचं काय झालं?

शनिवारी ऊन कलायला लागलं की दानियल पास्टरांची सायकल माझ्या वखारीच्या फाटकातून आत यायची. फाटक सताड उघडं असलं तरी ते खाली उतरून सायकल हातात धरून येत. आवारात आडव्या पडलेल्या एखाद्या जुन्या दारावर बसत, कॅरिअरला सुतळीनं बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडत, तिच्यातून शास्त्राचं पुस्तक काढत आणि म्हणत, “परसराम, खोट काढ.”

रविवारी चर्चमध्ये जे सांगायचं ते आदल्या दिवशी मला ऐकवायचं, असा त्यांचा नेम होता. मी ख्रिस्ती नाही. फुलसावंगीजवळच्या तांड्यात जन्मलो, शाळा अर्धवट सोडली आणि पडक्या घरांच्या धंद्यात शिरलो. कोणी जुनं घर पाडायला काढलं की मी ते उभ्यानं विकत घेतो. दारं, चौकटी, तुळया, छपराचे कवेलू वेगळे करतो आणि पुसदला माझ्या वखारीत आणून विकतो. या धंद्यात मला कोणी बोट धरून आणलं नाही आणि मीही कोणाला सोडलं नाही. माझ्या जिभेची ख्याती चांगली नाही. अशा माणसाला पास्टर प्रवचन ऐकवायचे, याचं त्यांच्याच मंडळीला नवल वाटायचं.

“तू दार घेताना काय करतं?” त्यांनी मला सुरुवातीलाच विचारलं होतं. “ठोकून पाह्यतं का नाही? वाळवी कोठी बसली ते आवाजावरून सांगतं. माह्यं बोलणं बी तसंच ठोक. चर्चमधले लोक मान हलवते. मान हलवणाऱ्या गिऱ्हाइकाचा काय उपयोग?”

उंच, वाळलेला माणूस. पांढरा टेरिकॉटचा शर्ट, कॉलर उलटी करून शिवलेली. छातीत कायम घरघर. त्यांची पहिली वर्षं झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांमध्ये गेली होती. तिकडचे कोलाम मजूर माझ्याकडे लाकडं उतरवायला आले की पास्टर पुस्तक बाजूला ठेवून त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलत बसायचे. सगळे हसायचे. मला काही कळायचं नाही आणि माझं काम तेवढं थांबायचं.

एकदा त्यांनी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगितली. येशूनं दहा जणांना बरं केलं आणि आभार मानायला एकच परत आला. मी म्हणालो, “दहातून एक? चांगला भाव मिळाला तुमच्या देवाले. माह्याकडं एकही येत नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी हे वाक्य चर्चमध्ये जसंच्या तसं सांगितलं, वर माझं नावही घेतलं. पुढं आठवडाभर मंडळीतल्या बायका रस्त्यात भेटल्या की हसून, “आभारी आहो, शेठ,” म्हणायच्या.

भाव मात्र त्यांना करता यायचा नाही. चर्चसाठी बाकं घ्यायला आले तेव्हा म्हणाले, “तू सांगशील तो भाव.” मी चिडलो. समोरच्यानं कमी सांगावं, मी ओरडावं, त्यानं उठून जायचं नाटक करावं, तेव्हा कुठं सौदा झाल्यासारखा वाटतो. हा माणूस नुसता माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. मी एवढा कमी भाव सांगून बसलो की मुनीम दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

आता भिंतीची गोष्ट.

माझ्या वखारीमागं चर्च आहे आणि चर्चच्या मागं पाचसात घरं. त्या घरांचे लोक माझ्या मोकळ्या जागेतून येत-जात. मी मोजणी आणली, जागा माझी निघाली, भिंत घातली. मागच्या घरात बापूराव राहतो. बसवरचा निवृत्त कंडक्टर, आवाज असा की तिसऱ्या गल्लीत तिकीट मागितल्यासारखं वाटावं. त्यानं या भिंतीविरुद्ध नगरपालिकेत अर्ज केले, चौकात उभं राहून मला शिव्या घातल्या. निकाल माझ्या बाजूनं लागला. भिंत कायद्यानं उभी होती, हे मी आजही सांगतो.

एकदा मी झरी जामणीकडं एक जुना वाडा पाहायला गेलो होतो. तिकडं फोन लागत नाही. परत आलो तर भिंतीला बैलगाडी जाईल एवढं भगदाड. भिंतीला टेकवून ठेवलेली सागवानी चौकट आडवी पडून मधोमध चिरली होती. वेलबुट्टीची चौकट, यवतमाळच्या एका डॉक्टरांना शब्द दिलेली. तशी पुन्हा मिळाली नाही.

झालं होतं असं. बापूरावला लकवा मारला. समोरच्या गल्लीत लग्नाचा मांडव, तिथून खाट निघेना. पास्टरांनी पहार घेतली, माझी भिंत फोडली आणि चौघांनी बापूरावला खाटेसकट माझ्या वखारीतून रस्त्यावर काढलं.

मी तसाच चर्चमध्ये घुसलो. प्रार्थना चालू होती.

“कोणाच्या बापाची भिंत हाय ते?”

“तुह्या,” पास्टर म्हणाले.

“मंग कोणाले विचारून पाडली?”

“फोन लावला, लागला नाही. परसराम, बापूराव वाचला.”

“मी बापूरावचं विचारलंच नाही!”

सगळी मंडळी माझ्याकडं वळून पाहायला लागली. तेव्हापासून गावात मी भिंतीचं नाव काढलं की समोरचा म्हणायचा, “जीव वाचला ना माणसाचा?” जीव वाचला, मान्य. पण पुण्य दुसऱ्यांनी केलं आणि मोडलं माझं. त्यावर मी तोंड उघडलं तर राक्षस मीच. आणि हे कोणासाठी, तर माझ्यावर अर्ज करणाऱ्यासाठी. पास्टरांनी मजूर लावून भिंत पुन्हा बांधून दिली. चौकट कोण बांधून देणार? आणि ‘चुकलं’ हा शब्द कोणाच्याच तोंडून निघाला नाही.

काही शनिवार ते आले नाहीत. मग एकदा आले, दारावर बसले, पिशवी सोडली. त्या रविवारी नेमकी लकव्याच्या माणसाची गोष्ट होती. येशू एका घरात बोलत होता. गर्दी एवढी की दारातून आत शिरता येईना. चौघांनी एका लकवा झालेल्या माणसाला खाटेवर आणलं, वर चढून छत उकललं आणि खाट खाली सोडली. येशू त्याला म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथं बसलेले शास्त्री कुरकुरले, की क्षमा करणारा हा कोण? मग येशूनं त्या माणसाला सांगितलं, ऊठ, आपली खाट उचल आणि घरी जा. तो उठला आणि गेला.

“चार दोस्तांचा विश्वास पाह्य,” पास्टर म्हणाले. “काढ खोट.”

“घरमालकाचं काय झालं?”

त्यांनी पुस्तकातून मान वर केली.

“बरा झालेला घरी गेला. दोस्त घरी गेले. ज्याचं छत फुटलं त्याचं काय? त्याले कोणी विचारलं?”

पास्टरांनी पुस्तक मिटलं. पिशवी बांधताना सुतळीची गाठ दोनदा चुकली. सायकल हातात धरून ते फाटकाबाहेर गेले.

तिथून आमचा खरा सौदा सुरू झाला. ते एकेक अर्थ घेऊन यायचे आणि मी परत पाठवायचो.

एकदा म्हणाले, “ते घर येशूच्याच एका शिष्याचं होतं म्हणते. त्यानं खुशीनं दिलं असन.”

“म्हणते, का लिहिलं हाय?”

“लिहिलं नाही.”

“मंग ते राहू द्या.”

पुढच्या वेळी म्हणाले, “तिकडं छत मातीचं राह्यते. आपल्याकडच्या धाब्यासारखं. एका दिवसात लिंपून होते.” हे त्यांनी मला सांगावं! मी अशी किती धाबी उतरवली आहेत. एकदा फोडलेलं धाबं कितीही लिंपा, दर पावसाळ्यात त्याच जागी गळतं. तसं मी सांगितलं. ते म्हणाले, “हे मले माहीत नव्हतं,” आणि उठले.

एक अर्थ मात्र मला आजही आवडतो. त्या दिवशी ते सायकलवर बसूनच आत आले. “परसराम, पाह्य. येशू बरा करायच्या आधी क्षमा करते. कायले? तो माणूस तर क्षमा मागायले आलाच नव्हता. मले वाटते, त्या घरात सगळ्यात ताजं पाप कोणतं होतं? छताचं भोक! माती अजून खाली पडून राह्यली होती. त्यानं आधी त्याची क्षमा केली.”

मी हातातली पटाशी खाली ठेवली. अर्थ चांगला होता, वाळवी नव्हती. पण मी सहजासहजी घेणारा नाही.

“क्षमा करणारा तो कोण? छत त्याचं होतं का?”

पास्टर एकदम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. “अरे लेका, त्या शास्त्र्याहिनं हेच विचारलं होतं! तू त्याहिच्या पंगतीत जाऊन बसला!”

“मंग ते शास्त्री हुशार होते म्हणायचे.”

“हुशार तं होतेच,” ते म्हणाले. “हुशारीत कोणी कमी नव्हतं त्या घरात.”

बापूराव हळूहळू काठी घेऊन चालायला लागला. आवाज मात्र गेला होता, शब्द तोंडातच घोळायचे. माझ्या फाटकासमोरून जायचा तेव्हा मी हिशेबाच्या वहीत डोकं घालायचो आणि तो रस्त्याच्या पलीकडं पाहायचा. पास्टरांना हे दिसत होतं. त्यांनी मला त्याच्याकडं जा असं कधी म्हटलं नाही. चर्चला ये असंही कधी म्हटलं नाही.

मग एका मंगळवारी आले. पिशवी नव्हती, पुस्तक नव्हतं. बसलेही नाहीत.

“परसराम, त्या गोष्टीत घरमालक नाही. मी लय शोधला. त्याचं काय झालं ते कोणी लिहिलं नाही, अन् मले बी माहीत नाही. इतके दिवस मी पुस्तकाच्या मागं लपून राह्यलो. भिंत मी फोडली. पहार माह्या हातात होती. चौकट मी पाडली. मले माफ कर.”

मी उत्तरं तयार ठेवली होती ती त्यांच्या अर्थांसाठी. राग आला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

“पुन्हा तशी वेळ आली तं?”

“पुन्हा फोडीन.”

“मंग हे कसली माफी?”

“फोडीन, अन् मंग येऊन पुन्हा मागीन. पण लवकर येईन. एवढा वेळ लावणार नाही.”

मी पोराला हाक मारून चहा सांगितला. “बसा,” म्हणालो.

“म्हणजे माफ केलं असं समजू का?”

“चहा समजा.”

ते बसले. चहा बशीत ओतून प्याले. जाताना म्हणाले, “बापूरावचं तुम्हा दोघाहिचं. त्याच्यात मी दलाली करत नाही.” आणि सायकल घेऊन गेले.

त्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. नागपूरला नेलं, तिथून परत आणलं ते मातीलाच. मी गेलो होतो. मंडळीच्या बायका रडत होत्या. मी मागं उभा राहिलो. माझं रडणं लोकांना खोटं वाटलं असतं, म्हणून तेही केलं नाही.

काही दिवसांनी चर्चमध्ये त्यांच्या आठवणीची सभा झाली. नवे पास्टर तरुण आहेत, बोलणं स्वच्छ आहे. दानियल पास्टरांनी आपल्यामागं सभेत लकव्याच्या माणसाचीच गोष्ट वाचायला सांगून ठेवलं होतं, असं ते म्हणाले. मी शेवटच्या बाकावर होतो. बापूराव दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी. तरुण पास्टरांनी गोष्ट वाचली आणि चार दोस्तांच्या विश्वासावर छान बोलले. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. पण तो विचारायचा ज्यांना होता ते नव्हते, म्हणून गिळला.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. जड, तुटक, अर्धा घशातच राहिलेला.

“घरमालकाचं... लय नुकसान... झालतं.”

सगळे वळले. बापूराव तरुण पास्टरांकडं पाहत नव्हता. माझ्याकडं पाहत होता.

सभा सुटल्यावर लोक चहाकडं गेले. तो खुर्चीवरच होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. धंद्याचा माणूस, मालाचंच बोललो.

“चौकट सागवानी होती.”

“माहीत हाय,” तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, मी थांबलो. “खाटेवरून... दिसत होती. मी सांगत होतो त्याहिले... चौकट बाजूले ठेवा... मंग फोडा. तोंडातून... निंघेच ना.”

त्यानं काठी टेकवली आणि हळूहळू उठला.

इतके शनिवार आम्ही दोघांनी ती गोष्ट ठोकून पाहिली. चार दोस्त पाहिले, शास्त्री पाहिले, छताची मातीसुद्धा पाहिली. खाटेवर पडलेला माणूस त्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या. त्याला काय म्हणायचं होतं, ते आम्ही कधी विचारलंच नाही. हे सांगायला आता शनिवारी कोणी येत नाही. पास्टर असते तर कॉलर सारखी करत म्हणाले असते, “पाह्य, खोट निंघाली,” आणि उद्याचं सगळं प्रवचन बदलायला लगेच घरी गेले असते.