रहमतबीचा उजवा पाय

आर्णीची रहमतबी डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन आसपासच्या खेड्यांत पायी हिंडायची. तिचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले होते. कोणी हसलं तर तीही हसायची. पण चाळिशी आली आणि उजवा गुडघा असा धरू लागला, की कुणाच्या ओसरीवर बांगड्या भरायला बसली तर उठवायला दोघीजणी लागायच्या. १९६३च्या हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ मन्सूर तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ केला आणि मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नर्सबाईंना हाक मारली.

"दुखणारच बाई, हाड कापलंय," नर्सबाई म्हणाल्या.

"दुखते म्हणून नाही सांगून राह्यली. अंगठा वर करतो म्हणते, तो होतच नाही. तुम्ही बोटाले हात लावला, तेही मले समजलं नाही. डॉक्टरले बोलवा."

नर्सबाई हातातलं काम उरकायला गेल्या. रहमतबीने मन्सूरला थेट डॉक्टरांच्या दाराशी पाठवलं.

डॉक्टर आले, बोटांच्या बेचक्यात टाचणी टोचून पाहिली आणि लगेच प्लास्टर उभं चिरायला लावलं.

"गुडघ्याच्या बाहेरून एक नस जाते, ती दबली," ते म्हणाले. "वेळेवर सांगितलंत. जोर परत येईल असं वाटतं. किती येईल, ते आज सांगता येणार नाही."

रहमतबी भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मले काय करा लागते, तेवढं सांगा."

हाड जुळलं, पाय सरळ झाला, पण पाऊल लोंबायचं. डॉक्टरांनी पोटरीपासून चवड्यापर्यंत पट्टा असलेला बूट करून दिला. तो घालून ती गल्लीत चालायची, अडखळायची, पुन्हा चालायची. रोज बसून बोटं हाताने वर करायची आणि तीच स्वतःहून वर यावीत म्हणून जोर लावायची. पावसाळा सरता सरता एका सकाळी अंगठा हलला. तिने मन्सूरला बोलावून दोनदा हलवून दाखवला. दिवाळीपर्यंत पट्टा सुटला.

डॉक्टरांनी जरा बिचकतच डाव्या पायाचं विचारलं.

"करा," ती म्हणाली. "पण पहिल्या दिवशी घडीघडी बोटं पाहा. मी झोपली असली तरी उठवा मले."

डाव्या पायाला काही झालं नाही. पुढच्या वर्षी टोपली पुन्हा डोक्यावर आली. चढावर उजवा चवडा अजून किंचित घासायचा, तिथे ती जरा हळू चालायची, एवढंच.